शेजाऱ्यांचा चषक : कोलंबो ते मडगाव, लाहोर ते कराची

भारत-पाकिस्तान सामना म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. शारजा, मियाँदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार, वर्ल्डकपच्या लढती. आणि त्या सामन्याच्या मागोमाग एक प्रश्न येतो, जो या देशातल्या मुसलमानाला कधी ना कधी ऐकावा लागतोच. कधी थट्टेत, कधी चहाच्या टपरीवर, कधी नोकरीच्या ठिकाणी: ‘मग, तुम्ही कुणाकडून?’

रायगडच्या किनाऱ्यावर, मुरुड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात, हा प्रश्न जरा जास्तच जड होतो. त्याची कारणं पुढे येतीलच. पण याच दोन देशांमध्ये, त्यांच्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन, एक दुसरा खेळही खेळला गेला आहे. तो फुटबॉल. त्याच्या स्पर्धांचा इतिहास ७० वर्षांहून जुना आहे, आणि तो वाचला की वरच्या प्रश्नाचा पोकळपणा आपोआप लक्षात येतो. आपल्याकडे त्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा लेख.

वाटून घेतलेला चषक

१९५२ साली कोलंबोत चार देशांची एक फुटबॉल स्पर्धा भरली. भारत, पाकिस्तान, सिलोन आणि बर्मा. चौघेही चार-पाच वर्षांपूर्वी इंग्रजांच्या ताब्यातून सुटलेले. स्पर्धेला ‘कोलंबो कप’ म्हणत. चार संघांची म्हणून तिला ‘चौरंगी’ म्हणायलाही हरकत नाही.

‘चौरंगी’ हा शब्द मुंबईला नवा नव्हता. क्रिकेटचे चौरंगी आणि नंतर पंचरंगी सामने मुंबईने १९१२ पासून पाहिले होते. पण तिथे संघ धर्मावर पडलेले असत. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून ‘इतर’. गांधीजींनी १९४० साली या सामन्यांना उघड विरोध केला आणि १९४६ मध्ये ते कायमचे बंद पडले. त्यानंतर सहा वर्षांनी कोलंबोत जी चौरंगी भरली, तिच्यात संघ देशाचे होते. हा फरक छोटा नाही. मुंबईच्या चौरंगीत मुसलमान खेळाडूने कुणाकडून खेळायचं हे त्याच्या जन्माने ठरत होतं. कोलंबोच्या चौरंगीत ते त्याच्या देशाने ठरत होतं.

त्या पहिल्या स्पर्धेचा निकाल मोठा बोलका आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यातला सामना बरोबरीत सुटला, आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते जाहीर करण्यात आलं. फाळणीला पाच वर्षंही पुरती झाली नव्हती. सैन्य, खजिना, कचेऱ्यांतल्या टेबलखुर्च्यांपर्यंत सगळ्याची वाटणी करून झालेल्या या दोन देशांनी पुन्हा एकदा एक गोष्ट वाटून घेतली. या वाटणीत मात्र कुणाचं घर गेलं नाही.

पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये स्पर्धा रंगूनला झाली. १९५४ मध्ये कलकत्त्याला, १९५५ मध्ये ढाक्याला. प्रत्येक देशाला एकेकदा यजमानपद मिळालं. ढाका तेव्हा पाकिस्तानात होतं. या तिन्ही वेळा भारत एकट्याने विजेता ठरला. म्हणजे चार वर्षांत चार वेळा भारत आणि पाकिस्तान यांचे राष्ट्रीय संघ एकाच स्पर्धेत समोरासमोर आले. काश्मीरचं पहिलं युद्ध थांबून तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती.

कोलंबो, रंगून, ढाका ही नावं आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना परकी नव्हती. ती शाळेच्या नकाशातून आलेली नव्हती. कोकणी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या आगबोटींवर खलाशी आणि सारंग म्हणून राबल्या. रंगूनला राहून आलेली, कराचीला कायमची स्थायिक झालेली माणसं किनाऱ्यावरच्या बहुतेक मोहल्ल्यांत निघतात. ज्या बंदरांना आमचे लोक शेजार समजत होते, जवळपास त्याच बंदरांच्या देशांची ही स्पर्धा होती.

संघात कोण होतं?

आता तो ‘कुणाकडून’चा प्रश्न घेऊ. १९५० च्या दशकातला भारतीय संघ घडवणारा माणूस होता हैदराबादचा सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ च्या विजयात तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोवेकर होता. १९६२ मध्ये जकार्ताला पुन्हा सुवर्णपदक मिळालं. कर्करोगाने पोखरलेल्या शरीरानिशी रहीमसाहेबांनी तो संघ तयार केला होता. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले.

रहीमसाहेबांचा हैदराबाद पोलीस संघ मुंबईला चांगलाच परिचयाचा होता. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळला जाई. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींचाच होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि पलटणींची मक्तेदारी मोडली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगने जिंकला. आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. गोदीत, गिरणीत, बोटीच्या कंपनीत कामाला असलेल्या कोकणातल्या माणसाला त्या काळातला भारतातला सर्वोत्तम फुटबॉल पाहायला कूपरेजपर्यंत चालत जावं लागे, इतकंच.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाची यादी पाहा. कर्णधार शैलेन मन्ना. सोबत अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अब्दुल लतीफ, सालेह, मोईनुद्दीन, अहमद खान. युगोस्लाव्हियाने त्या संघाचा १०-१ असा धुव्वा उडवला. भारताचा तो एकुलता एक गोल अहमद खानचा. त्याच वर्षी, त्याच पिढीच्या खेळाडूंनी पाकिस्तानबरोबर कोलंबोचा चषक वाटून घेतला होता.

या माणसांना कुणी ‘तुम्ही कुणाकडून?’ विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं? उत्तराची गरजच नव्हती. त्यांच्या अंगावरचा शर्ट सांगत होता. फाळणीनंतर अवघ्या पाच वर्षांत, जेव्हा हैदराबादपासून दिल्लीपर्यंत मुसलमानांच्या मनात भीती होती, तेव्हा भारताच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आणि त्यातले निम्म्याच्या आसपास नाव घेण्याजोगे खेळाडू मुसलमान होते. आणि ते पाकिस्तानविरुद्ध खेळत होते. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, आपल्या मोहल्ल्यांतल्या गप्पांतही नाही.

पलीकडच्या बाजूचीही एक गंमत आहे. पाकिस्तानकडून खेळणारा मसूद फाखरी हा बिनीचा खेळाडू त्याच दशकात कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून खेळत होता. कराचीच्या ल्यारी भागातला मोहम्मद उमर कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगकडून खेळला. म्हणजे एका महिन्यात देशाच्या संघातून भारताविरुद्ध आणि दुसऱ्या महिन्यात कलकत्त्याच्या प्रेक्षकांसाठी. लोक त्यांना डोक्यावर घेत. रोज दिसणारा माणूस शत्रू वाटायला कठीण असतो.

तीस वर्षांची शांतता

ढाक्यानंतर ही स्पर्धा पुन्हा भरली नाही. १९५६ पासून आशिया कप सुरू झाला, १९५७ पासून मलायातला मर्डेका चषक. भारत-पाकिस्तान आणि त्यांचे शेजारी यांच्यापुरती अशी स्पर्धा मात्र उरली नाही. मग १९६५ आलं, १९७१ आलं. ढाका तिसऱ्या देशाची राजधानी झालं. १९८४ मध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा कुठे शेजाऱ्यांच्या फुटबॉलला पुन्हा एक ठरलेलं अंगण मिळालं.

या तीस वर्षांत काय हरवलं? सामना हरवला, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सामन्याचा साधेपणा हरवला. दर वर्षी होणारा सामना हा सामनाच राहतो. हरलो तर पुढच्या वर्षी बघून घेऊ म्हणता येतं. वर्षानुवर्षं न झालेला सामना मात्र अचानक आला की त्याच्या पाठीवर सगळं लादलं जातं. युद्ध, फाळणी, बॉम्बस्फोट, निवडणूक, सगळं. आणि ते ओझं मैदानावरच्या अकरा खेळाडूंच्या आधी गावातल्या मुसलमानाच्या खांद्यावर येतं.

१९९३ : किनारा आणि लाहोर

१९९३ हे वर्ष रायगडच्या किनाऱ्याला विसरता येणार नाही. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्या दंगलींत ९०० माणसं मेली, त्यांतली ५७५ मुसलमान होती. मग १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ जणांचा बळी गेला. त्या स्फोटांसाठीची शस्त्रं आणि आरडीएक्स आमच्याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरवलं गेलं होतं.

या खटल्यात न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं, त्यांत कस्टम खात्यातले अधिकारी आणि पोलीसही होते. पण संशय काही कस्टमच्या कचेरीवर राहिला नाही. तो गावांवर राहिला. मासेमारीच्या होडीवर, दाढीवर, आडनावावर. ‘कुठले तुम्ही?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर ‘श्रीवर्धनकडचे’ असं दिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे आमच्या भागातल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

त्याच १९९३ च्या जुलैमध्ये, स्फोटांना चार महिने झाले असताना, भारताचा फुटबॉल संघ लाहोरला गेला. सार्क सुवर्णचषक नावाची नवी स्पर्धा तिथे सुरू होत होती. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ असे चार संघ. पुन्हा एक चौरंगी. भारत पहिला आला, श्रीलंका दुसरी. आज जिला सॅफ स्पर्धा म्हणतात तिची ही सुरुवात. दोन्ही देशांतले संबंध त्या वेळी किती बिघडलेले होते ते आठवा. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली आणि मुंबईतली पाकिस्तानचीही. त्यानंतर कराचीला दिलेल्या बहिणीला माहेरी यायचं तर व्हिसासाठी इस्लामाबादकडे तोंड करावं लागलं आणि इथल्या भावाला दिल्लीकडे. वकिलाती बंद झाल्या, पण स्पर्धा सुरू राहिली. १९९५ मध्ये ती कोलंबोला झाली आणि श्रीलंकेने भारताला हरवून जिंकली. १९९७ मध्ये काठमांडूला झाली, तिथे भारताने अंतिम सामन्यात मालदीवला ५-१ ने हरवलं.

मडगाव, एप्रिल १९९९

मग ही स्पर्धा आमच्या कोकणपट्टीच्या दाराशी आली. २२ एप्रिल ते १ मे १९९९ या दहा दिवसांत मडगावच्या फातोर्डा मैदानावर सॅफ सुवर्णचषक झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, मालदीव असे सहा देश. रोह्यापासून निघणारी कोकण रेल्वे वर्षभरापूर्वीच पूर्ण सुरू झाली होती. रायगडहून मडगाव आता रात्रभराच्या अंतरावर होतं.

तारखा नीट पाहा, कारण सगळी कथा त्यांतच आहे. जानेवारी १९९९ मध्ये पाकिस्तानच्या क्रिकेट दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली आणि मुंबईतल्या क्रिकेट मंडळाच्या कचेरीत मोडतोड केली. मुंबईच्या वानखेडेची खेळपट्टी तर १९९१ मध्येच उखडून झाली होती. जानेवारीअखेर चेन्नईत पाकिस्तानने कसोटी जिंकली आणि तिथल्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. २० फेब्रुवारीला वाजपेयी बसने लाहोरला गेले. १७ एप्रिलला त्यांचं सरकार एका मताने पडलं. त्यानंतर पाच दिवसांनी मडगावला स्पर्धा सुरू झाली.

एकाच समुद्राच्या काठावर दोन गावं. उत्तरेला मुंबई, जिथे पाकिस्तानी संघ येणार म्हटलं की कुदळी निघतात. दक्षिणेला मडगाव, जिथे पाकिस्तानचा संघ आला, भारताच्याच गटात खेळला, भारताकडून हरला, गटातच बाद झाला आणि घरी गेला. भारताच्या संघात गोव्याचा ब्रुनो कुतिन्हो होता, सिक्कीमचा बायचुंग भुतिया होता. अंतिम सामना भारत आणि बांगलादेश यांच्यात झाला. भारताने तो २-० ने जिंकला.

गोव्यात फुटबॉल घराघरात आहे. तिथे रविवारी दोन गावांचे संघ भिडतात, मागच्या वर्षीचा हिशेब या वर्षी चुकता होतो. ज्या ठिकाणी खेळ इतका नेहमीचा असतो, तिथे पाहुणा संघ हा पाहुणा संघ असतो. त्याच्यात इतिहासाची सगळी दुखणी शोधावी लागत नाहीत.

अंतिम सामना १ मे रोजी झाला, महाराष्ट्र दिनी. ३ मे रोजी कारगिलच्या डोंगरात मेंढपाळांनी घुसखोर पाहिल्याची पहिली खबर सैन्याला मिळाली. मडगावात चेंडू फिरत होता तेव्हा घुसखोरी होऊन गेलेली होती. यावरून कुणी म्हणेल, बघा, खेळाने काय होतं? बरोबर आहे. खेळाने युद्ध थांबत नाही. थांबवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणं हाही एक अन्यायच आहे. फातोर्ड्यावर खेळणाऱ्या मुलांना डोंगरावरचं काही माहीत नव्हतं, आणि कारगिलच्या डोंगरात मेलेल्या दोन्हीकडच्या सैनिकांनाही त्या चषकाशी देणंघेणं नव्हतं. पण कारगिलच्या त्या उन्हाळ्यात देशातल्या मुसलमानाला जो प्रश्न पुन्हा ऐकावा लागला, तो याच एप्रिलमध्ये मडगावात कुणाला सुचला असता तर हास्यास्पद वाटला असता. तिथे सहा देश होते. पाकिस्तान त्यांतला एक होता, आणि फुटबॉलपुरतं बोलायचं तर तो फारसा बलवानही नव्हता.

ल्यारी ते बेंगळुरू

डिसेंबर २००५ मध्ये हीच स्पर्धा कराचीला गेली. ल्यारी हा कराचीचा जुना, गरीब, बंदराजवळचा भाग आणि पाकिस्तानातल्या फुटबॉलचं माहेरघर. तिथे मकरानी बलोच आणि आफ्रिकी वंशाचे शिदी मोठ्या संख्येने राहतात. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखातल्या माणसाला हे वाचून परकं वाटू नये. त्या वर्षीही अंतिम सामना भारत-बांगलादेश असाच झाला, आणि भारताने तो पुन्हा २-० ने जिंकला. म्हणजे पाकिस्तानच्या भूमीवर, लाहोर आणि कराची या दोन्ही शहरांत, भारताने शेजाऱ्यांचा चषक उचलला आहे. क्रिकेटच्या नावाने छाती पुढे काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला. किनारा पुन्हा पहाऱ्याखाली आला. मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, सागरी पोलीस ठाणी वाढली. त्यात गैर काही नाही. किनाऱ्याची राखण झालीच पाहिजे, आणि ती करणाऱ्यांत किनाऱ्यावरचा मुसलमान मच्छीमारही आहे. पण दोन देशांतले सामने पुन्हा विरळ झाले. २०१८ मध्ये ढाक्याच्या सॅफ स्पर्धेत भारताने उपांत्य फेरीत पाकिस्तानला ३-१ ने हरवलं. त्यानंतर थेट २०२३.

जून २०२३ मध्ये बेंगळुरूला सॅफ स्पर्धा झाली. पाकिस्तानी संघाला व्हिसा अगदी शेवटच्या क्षणी मिळाला. मॉरिशसहून मुंबईमार्गे, सगळ्यांना एका विमानात जागा न मिळाल्याने तुकड्यातुकड्यांनी, तो संघ सामन्याच्या दिवशीच बेंगळुरूला पोचला. संध्याकाळी भारताने ४-० ने जिंकलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले. आमचा संघ बलवान होता, यात शंका नाही. तरी रात्रभर विमानतळांवर जागलेल्या पाहुण्याला हरवण्यात पूर्ण मजा येत नाही, हे खरा खेळाडू मान्य करील.

त्या स्पर्धेचा शेवट आमच्या किनाऱ्यासाठी आणखी वेगळा होता. लेबनॉन आणि कुवेत या दोन देशांना पाहुणे म्हणून बोलावलेलं होतं. ४ जुलैचा अंतिम सामना भारत विरुद्ध कुवेत असा झाला. १-१ अशी बरोबरी, आणि मग पेनल्टींवर भारताचा ५-४ ने विजय. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची चूल कुवेतच्या दिनारावर पेटते. पण ‘तुम्ही भारताकडून की कुवेतकडून?’ असं त्या दिवशी कुणी कोकणी मुसलमानाला विचारल्याचं ऐकिवात नाही. पोट कुवेतमध्ये आहे, तरी निष्ठेचा संशय नाही. म्हणजे तो प्रश्न मुळात खेळाचा नाहीच, नात्यागोत्याचा नाही आणि रोजीरोटीचाही नाही. तो फक्त एका शेजाऱ्याच्या नावाने विचारला जातो, आणि तोही त्याच्याशी भेटीगाठी बंद असल्यामुळे धारदार होत जातो.

म्हणून मला १९५२ ते १९५५ ही चार वर्षं महत्त्वाची वाटतात. तेव्हा दोन्ही देशांत जखमा आजच्यापेक्षा ओल्या होत्या. निर्वासितांच्या छावण्या होत्या, हरवलेल्या मुलींचा शोध चालू होता. तरीही दर वर्षी ठरलेल्या स्पर्धेत चार शेजारी भेटत होते, एकमेकांना हरवत होते आणि पुढच्या वर्षीचं गाव ठरवत होते. रहीमसाहेब, अहमद खान, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन यांच्या पिढीने भारताचा शर्ट घालून हे सामने खेळले, कुणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी नव्हे, तर तो त्यांचाच देश होता म्हणून.

आपल्या मुलांना या माणसांची नावं सांगायला हवीत. पुढच्या वेळी चहाच्या टपरीवर कुणी तो जुना प्रश्न विचारला, तर चिडायची किंवा ओशाळायची गरज नाही. त्याला शांतपणे विचारावं, १९५२ च्या हेलसिंकीत भारताचा गोल कुणी केला होता, माहीत आहे का?